पाहुणं आलं की गोठ्यात जाणारा

सुजाता,

काल माझ्या घरी पाहुणे येऊन गेले. माझ्या पोरासाठी, आप्पासाठी, घरदार बघायला. ज्या गोष्टीवरून तुझं-माझं शेवटचं भांडण झालं, ती गोष्ट तू गेल्यावर महिनाभरसुद्धा दम धरून बसली नाही. तू असतीस तर लोणी भापकरवरनं स्कूटी दामटत वरकुट्याला आली असतीस आणि माझ्या मेव्हण्याला, त्या बबनला, तोंड उघडू दिलं नसतंस. तू नव्हतीस. मग जे झालं ते माझ्या एकट्याच्या डोक्यावर झालं.

तुझ्या हाताखाली शिकणारी ती मनीषा म्हणाली, ‘आबा, मॅडमबद्दल सगळ्यांचं लिहून घेतोय. तुम्ही पण चार ओळी द्या.’ मी चौथी शिकलेला. चार ओळी मला जड नाहीत, पण तुझं-माझं चार ओळींत मावत नाही. तू किती शिकलीस, कुठं मान मिळाला, ते बाकीचे लिहितीलच. मला तुला कालचं सांगायचंय. पण ते कळायला मागचं थोडं उकरावं लागतं.

सगळे तुला मॅडम म्हणायचे. मी म्हटलं नाही. मनीषाला ते खटकायचं. तू म्हणालीस, ‘आबा मला पोरी म्हणतात आणि आप्पासाहेबांना आप्प्या. यातलं दुसरं आधी बदला, पहिलं राहू द्या.’ मी दोन्ही राहू दिलं. माझ्या पोराला साहेब म्हणणारी तू गावात पहिली आणि शेवटची.

पहिल्यांदा आलीस ते भर उन्हाचं. ओसरीवर मी एकटा. तू पाणी मागितलंस. मी विचारलं, कुठली? म्हणालीस, लोणी भापकर. मी म्हटलं, लोणी भापकर मोठं हाय, कुणाची? तू आडनाव सांगितलंस आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिलीस, आता हा म्हातारा काय करतो म्हणून. मी तांब्या पुढं केला. तू वरनं प्याली नाहीस, तांब्याला तोंड लावून प्यालीस. मुद्दाम. मी काही बोललो नाही, तूही बोलली नाहीस. आपलं पहिलं भांडण ते. बिनबोलाचं.

मग तू ओठ पुसून विचारलंस, ‘आबा, तुमच्या घरात पाहुणं आलं की गोठ्यात कोण जातं?’

तुझी स्कूटी आत वळली तेव्हाच आप्पा ओसरीवरनं उठून गोठ्यात गेला होता. जन्मापासून तसाच. पाहुणा आला, गोठा. मोटर वाजली, गोठा. त्याच्या आईच्या मयताला भावकीच्या बायांनी हंबरडा फोडला तेव्हाही गोठाच.

‘कोण न्हाय,’ मी म्हटलं.

आतनं म्हशीला खरारा करायचा आवाज येत होता. एकसारखा, न थांबता.

‘मग म्हैस आपलं आपण खरारा करून घेते वाटतं,’ तू म्हणालीस.

मला हसू आलं नाही. राग आला. पण तू पुढं सांगितलंस ते ऐकलं. तू कितीतरी गावं फिरून आली होतीस. अशा लहान पोरांसाठी शाळा निघतात, पण ती पोरं मोठी होऊन जातात कुठं, हे तुला शोधायचं होतं. दारोदार विचारत होतीस, तुमच्याकडं असं कुणी आहे का. सगळीकडं उत्तर एकच, आमच्यात न्हाय बाई कुणी. मग एका घरी चहा पिताना तुला गोठ्यात माणूस दिसला. पुढच्या घरी कडब्याच्या गंजीमागं दिसला. तेव्हा तू प्रश्न बदललास. ‘आबा, माणसं खोटं बोलत नव्हती,’ म्हणालीस. ‘मी विचारत होते ते नाव त्यांच्याकडं नव्हतंच. गोठा मात्र प्रत्येकाकडं होता.’

नावावरनंही आपली जुंपली. आप्प्याला कुणी येडा म्हटलं की मी म्हणणाऱ्याच्या कानफटात लावलेली आहे, वय झाल्यावरसुद्धा. आणि तू येऊन त्याला नवीन नाव देतेस, आटिझम. मी म्हटलं, ‘आणि एक बिल्ला. जनावराच्या कानात मारतात तसा.’ तू म्हणालीस, ‘येडा हे नाव गावानं त्याला लांब ठेवायला दिलं. हे नाव त्याच्यासारख्याला त्याच्यासारखा सापडावा म्हणून आहे.’ मला तेव्हा पटलं नाही. आजही सगळं पटलंय असं समजू नकोस.

त्याहून मोठा कहर म्हणजे तुला तुझ्या अभ्यासासाठी त्याच्याशी बोलायचं होतं आणि त्याची परवानगी तू त्यालाच मागितलीस. मी समोर बसलेला. बाप. माझ्या घरात, माझ्या ओसरीवर. मी म्हटलं, त्याला काय विचारतीस, मी सांगतो. तू माझ्याकडं तळहात केलास. एसटी थांबवतात तसा. चाळिशीला टेकलेल्या पोराच्या शेजारी, समोर नाही, शेजारी बसलीस, दोघंही म्हशीकडं बघत, एकच प्रश्न विचारलास आणि गप्प बसलीस. इतकी गप्प की मला घाम फुटला. आमच्यात प्रश्न विचारला की उत्तर लगेच यायला पाहिजे, नाहीतर विचारणाराच ते देऊन टाकतो. मी मधेच म्हटलं, ‘त्याला आधी च्या देतो, मग बोलंल.’ पुन्हा तुझा तळहात. आणि मग पुष्कळ वेळानं आप्पा म्हणाला, ‘ताक.’

मी म्हटलं, ‘ताक पायजे हुतं तर आधी सांगायचं की!’

तू म्हणालीस, ‘आधी विचारलं होतं का?’

त्याच बैठकीत त्यानं तुला हो म्हटलं, तेही ताक पिऊन झाल्यावर. त्या दिवसापासून आमच्याकडं दोघांना चहा आणि एकाला ताक.

बारामतीची तुझी खोली मला पहिल्यांदा फसवणूकच वाटली. दर बुधवारी तिथं मोठी माणसं जमायची, मिशा पिकायला लागलेली. एक जण कागदावर एसटीच्या गाड्या काढायचा. इंदापूरची एक बाई लोकर विणायची. एक जण नुसता भिंतीला पाठ लावून बसायचा. आमचा आप्पा म्हशींची दावी वळायचा, घरी वळतो तशीच. मी दारात उभा राहून बघितलं आणि तुला म्हटलं, ‘ही कसली बैठक? कोण कुणाशी बोलंना.’

‘म्हणून तर येतात, आबा. हितं बोल-बोल म्हणून कुणी मागं लागत नाही.’

आणि तू त्याला एकट्यानं एसटीनं यायला लावलंस. मी नको म्हटलं. तू ऐकलं नाहीस. मग पहिल्या बुधवारी मी तोंडाला टॉवेल गुंडाळून मागच्या सीटवर बसलो. बारामतीला उतरताना आप्पानं कंडक्टरला सांगितलं, ‘मागं आमचे वडील हायत. त्यांचं तिकीट बघा, ते लपलेत.’ सगळी गाडी हसली. तू तर खोलीत पोट धरून हसलीस. मी दोन बुधवार तुझ्याशी बोललो नाही.

हे सगळं झालं. त्याचं श्रेय तुझं. ते मी नाकारत नाही, नाकारणारा मी नव्हे. पण पुढचं भांडण वेगळं होतं.

आप्पाची आई गेल्यापासून आमच्या घरात दोन पुरुष. भाकरी मी थापतो. माझे गुडघे गेलेत, डोळ्याला पडदा आलाय. मी गेलो की काय? हा एकच प्रश्न माझ्या उशाशी असतो. तुझं म्हणणं, खोलीच्या शेजारची जागा घेऊ. आप्पानं आणि खोलीत येणाऱ्या आणखी दोघांनी मिळून तिथं राहायचं, आपलं आपण शिजवायचं, मनीषा सकाळ-संध्याकाळ जाऊन बघील. मी म्हटलं, ‘माझं घर पडलंय का?’ तू म्हणालीस, ‘पडायची वाट बघू नका. तुम्ही आहात तोवर शिकू द्या. बाप आणि घर एकाच दिवशी गेलं असं त्यांच्यावर आणू नका, आबा.’

आणि माझं म्हणणं, लग्न. बबननं पळसदेवहून निरोपावर निरोप धाडलेले. लांबच्या, कोरडवाहू मुलखातली गरीब घरची मुलगी होती. ‘मुलगा अबोल हाय, शेतात वाघ हाय, निर्व्यसनी हाय,’ एवढंच सांगायचं. यात खोटं काय? एकही शब्द खोटा नाही. माझ्या माघारी भाकरी थापणारं कुणीतरी घरात असेल.

तुला हे कळलं आणि तू आलीस. उभ्या उभ्या बोललीस. ‘आप्पासाहेबांनी लग्न करू नये असं मी म्हणत नाही. त्यांच्यासारखी कितीतरी माणसं लग्न करतात, संसार करतात. पण त्यांना विचारा. आणि त्या मुलीला सगळं सांगा. मग दोघं हो म्हणाली तर मी स्वतः अक्षता टाकायला येईन.’

‘सगळं सांगितल्यावर कोण देईल पोरगी?’

‘म्हणजे तुम्हाला सून नकोय. राखणदार पाहिजे.’

‘तुझं संशोधन माझ्या माघारी त्याला भाकरी थापणार हाय का?’

माझ्या प्रश्नाला तुझ्याकडं उत्तर नव्हतं, हे मी तुझ्या तोंडावर बघितलं आणि मला बरं वाटलं. मग मी म्हटलं, ‘ऊठ. माझ्या दारातनं जा.’ तू तर बसलेलीच नव्हतीस. चप्पल घातलीस आणि म्हणालीस, ‘बुधवारी त्यांना पाठवा. भांडण तुमचं-माझं आहे, त्यांचं नाही. आणि माझं एक उत्तर तुमच्याकडं राहिलंय. तुमचं नको. त्यांचं. विचारा आणि थांबा.’

मी त्याला बुधवारी पाठवलं. विचारलं मात्र नाही. तुला शब्दही धाडला नाही. तुझ्या अंगात तेव्हाच दुखणं होतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मनीषाला होतं, तिला तू शपथ घातली होतीस म्हणे. पोरी, याचा मला राग आहे. आम्हाला शिकवायचीस, आडवळणानं बोलू नका, आहे ते सरळ सांगा. आणि स्वतः? सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी आवाज चढवला नसता. कदाचित चढवलाही असता. पण मग तुझ्या घरी येऊन भांडण पुरं केलं असतं. अर्ध्यात उठून गेलीस. हे चांगलं केलं नाहीस.

तू गेल्याचं आप्पाला मी सांगितलं, तू शिकवल्यासारखं. शेजारी उभा राहिलो, दावणीकडं बघत म्हटलं, ‘सुजाता मॅडम मेल्या. त्या आता येणार न्हाईत. कधीच.’ शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून म्हणाल्या, असं कुणी सांगतं का? आप्पानं वळत होता ते दावं पुरं केलं. मग म्हणाला, ‘बुधवारी कोण?’

मला उत्तर आलं नाही.

तुझ्या घरी मी धास्तीनंच त्याला आणलं. पण तिथं पांढरे कपडे घातलेली माणसं एका सुरात वंदना म्हणत होती, चढ नाही, उतार नाही. आप्पा हातात ते नवं दावं धरून शेवटपर्यंत उभा राहिला. सख्ख्या आईच्या मयताला न थांबलेला माणूस. तुझ्या वडिलांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मला बसायला सतरंजी सरकवली.

त्याच आठवड्यात बबनचा फोन. ‘दाजी, ती बाई आता न्हाय आडवी यायला. मुलीचा बाप आन् चुलता रविवारी घर बघायला येत्यात. तुमी फक्त मान हलवायची, बोलायचं काम माझं. सुपारी फोडूनच उठवतो.’

मी ये म्हटलं. तुझ्या नाकावर टिच्चून ये म्हटलं.

काल जीप आली. आप्पा उठला आणि गोठ्यात गेला. बबननं पाहुण्यांना ओसरीवर बसवलं. मुलीचा बाप माझ्याहून बराच लहान, पण टाचा भेगाळून फुटलेल्या. बबन पंप सुरू केल्यासारखा सुटला. ऊस किती, पाणी कसं बारमाही, म्हशी किती दुधाच्या. बाप ऐकत होता, पण त्याचे डोळे घरभर कुणालातरी शोधत होते. शेवटी म्हणाला, ‘मुलाला हाक मारा की.’

‘रानात गेलाय,’ बबन म्हणाला. ‘लई कामाचा. येईलच.’

आतनं खराऱ्याचा आवाज येत होता. एकसारखा.

बापानं माझ्याकडं बघितलं. ‘आबा, रानात हाय का?’

आणि विचारून तो गप्प बसला. बबन काही बोलायला गेला तर त्या माणसानं त्याच्याकडं न बघता हात वर केला. तुझ्यासारखा. मला एक सोपं ‘व्हय’ म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर माझ्या माघारीचा घोर मिटला असता, आणि त्याच्या लेकीचा सुरू झाला असता. ती लेक मी बघितली नव्हती. पण ती चुलीपुढं बसलीय, आप्पा गोठ्यात आहे, मी भिंतीवर फोटोत आहे आणि तिला कुणी काही सांगितलेलंच नाही, असं मला डोळ्यांपुढं दिसलं. तुझं ऐकून नव्हे. माझ्या घरचं माणूस फसवून आणलेलं असू नये, एवढी मला माझी इज्जत आहे. हे माझं आहे, तुझ्या नावावर लावू नकोस.

‘न्हाय,’ मी म्हटलं. ‘गोठ्यात हाय. पाहुणं आलं की तो गोठ्यात जातो. जन्मापासनं. त्याला आटिझम म्हणत्यात.’

‘दाजी!’ बबन ओरडला.

‘तू गप. माझ्या ओसरीवर बसलाईस.’

‘रोग हाय का?’ चुलत्यानं विचारलं.

‘न्हाय. माणसाची घडणच तशी. गोंगाट सोसत न्हाय, गर्दी सोसत न्हाय. विचारलं तर उत्तर देतो, पण थांबावं लागतं. लग्नाचं मी त्याला अजून विचारलेलं न्हाय. बसा. विचारून येतो.’

गोठ्यात गेलो. त्याच्या शेजारी उभा राहिलो. म्हशीच्या पाठीकडं बघत विचारलं, ‘आप्पा, मुलीचा बाप आलाय. तुला लग्न करायचंय का?’ आणि थांबलो. बाहेर बबनचं चुलत्याशी वाजायला लागलं होतं, जीपवाला हॉर्न मारत होता, आणि मी दात आवळून थांबलो. उत्तर जिभेवर आलं होतं, माझं, ते गिळलं. खरारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, परत आला.

‘न्हाय,’ आप्पा म्हणाला.

मी वळलो.

‘खोली,’ तो म्हणाला. ‘बारामती. म्हशी हितं. तुमी बुधवारी या. एसटीनं. लपू नका.’

हे घे तुझं उत्तर. त्याचंच आहे, माझं नाही.

बाहेर येऊन मी तसंच्या तसं सांगितलं. बबन जीपमध्ये जाऊन बसला, माझ्याशी आता जन्मात बोलणार नाही म्हणाला. चुलताही निघाला. मुलीचा बाप मात्र चहा संपेपर्यंत बसला. मला वाटलं, शिव्या देईल. लांबून आणून हात हलवत पाठवलं होतं. त्यानं बशी खाली ठेवली आणि गोठ्याच्या दाराकडं बघत म्हणाला, ‘आमच्यात बी एक हाय. धाकटा भाऊ. आज तुमच्याकडं यायचं म्हणून त्याला खोलीत कोंडून कडी लावून आलोय.’

मी विचार केला नाही. तोंडातनं निघालं, ‘बुधवारी बारामतीला आणा त्याला.’

‘तितं कोण हाय?’

सुजाता, आप्पाच्या प्रश्नाला मला उत्तर आलं नव्हतं. हाही प्रश्न तोच होता. तो माणूस थांबला होता, घाई नव्हती त्याला. गोठ्यात खरारा बंद झाला होता. आप्पा ऐकत होता.

‘मी हाय,’ मी म्हटलं.